प्रमाण कान कोणाचा?

हेडफोनच्या परीक्षणांत 'न्यूट्रल' हा शब्द इतक्या सहजपणे येतो की, तटस्थ ध्वनी नावाची काही वस्तू निसर्गतःच अस्तित्वात असावी, असा वाचकाचा समज व्हावा. आमच्या मते ही तटस्थता घडवलेली आहे, आणि गेल्या काही दशकांत ती एकाहून अधिक वेळा नव्याने घडवली गेली आहे.

मूळ अडचण कानाच्या रचनेत आहे. समोरच्या स्पीकरचा आवाज पडद्यापर्यंत पोचताना बाह्यकर्ण व कर्णनलिका त्यावर आपला संस्कार करतात. ३००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर तर १० डेसिबलहूनही अधिक उचलले जातात. हेडफोन कानाला चिकटून बसतो, त्यामुळे हा संस्कार बिघडतो आणि तो हेडफोनलाच पुरवावा लागतो. पण कोणत्या जागेतला? प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत समोर ठेवलेल्या स्पीकरसारखा, हे पहिले उत्तर. १९८६ मध्ये म्यूनिकच्या ग्युंटर थाइले यांनी त्याला आव्हान दिले आणि चहूबाजूंनी सारखाच येणारा ध्वनी प्रमाण मानावा, असे प्रतिपादन केले. स्टुडिओतील हेडफोनांपुरते ते १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय शिफारशीतही आले.

या दोन्ही मतांत ऐकणाऱ्याला कोणी विचारले नव्हते. ते केले हार्मन कंपनीच्या शॉन ऑलिव्ह व टॉड वेल्टी यांनी, २०१२-१३ च्या सुमारास. चांगल्या खोलीतील चांगल्या स्पीकरचा ध्वनी आधाराला घेऊन त्यांनी श्रोत्यांची पसंती मोजली; लोकांना थाइलेंच्या प्रमाणापेक्षा खर्ज अधिक आणि वरचे स्वर सौम्य हवे होते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे वळण ओळखीचे वाटेल: संहितेकडून वाचकाकडे.

मात्र हा वाचक एकसंध नाही. ऑलिव्ह यांच्याच पुढच्या अभ्यासात ६४ टक्के श्रोत्यांना हा वक्र रुचला. १५ टक्क्यांना खर्ज आणखी हवा होता, २१ टक्क्यांना कमी. कमी मागणाऱ्यांत स्त्रिया आणि पन्नाशी ओलांडलेले श्रोते अधिक होते. संशोधकांनी हे लपवले नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. (संशोधन हेडफोन विकणाऱ्या कंपनीचेच होते, हेही विसरू नये. असो.)

आमचा आक्षेप वक्रावर नाही, परीक्षकांवर आहे. बहुमताचा कल त्यांनी व्याकरणासारखा वापरायला घेतला. वक्रापासून ढळलेला हेडफोन त्यांच्या लेखी 'चुकीचा' ठरतो. बोली बोलणाऱ्याला 'अशुद्ध' म्हणणारे मास्तर आपण पाहिलेच आहेत. मोजमाप ज्या कृत्रिम कानावर होते, तोही अनेक माणसांच्या सरासरीवरून बेतलेला असतो; प्रत्यक्षात नलिकेची लांबी आणि बाह्यकर्णाच्या वळ्या माणसागणिक वेगळ्या, आणि वरच्या स्वरांत हा फरक चांगलाच जाणवतो. तेव्हा परीक्षकांनी आलेख जरूर छापावा. पण तो कोणत्या कानावर मोजला, कोणत्या वक्राशी ताडला आणि स्वतःला किती खर्ज आवडतो, या तीन ओळी त्याच्याखाली लिहाव्यात.