भिंतीवरील रात्र

रात्रीच्या शहराचे चित्र घरी लावल्यास मन उदास होते, असे काही पालक म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. कार्लोस अल्माराझ (१९४१–१९८९) हे लॉस एंजेलिसचे चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन, चित्रकार. त्यांनी प्रथम शेतमजुरांच्या चळवळीकरिता फलक रंगविले. पुढे आपल्या नगरीची रात्र निळ्या-जांभळ्या रंगांत व दिव्यांच्या झळाळीत उतरविली. त्या रात्रीत काळोख आहे, परंतु तो नुसता काळा नाही. अशा चित्राची छापील प्रत पाहुण्यांकरिता उंच न टांगता मुलांच्या दृष्टीसमोर लावावी. मात्र उन्हात नको, रंग विटतात. अंधारातही रंग शोधण्याची सवय बालपणीच जडली, तर आयुष्यातील पुढील रात्री त्यांस तितक्या भयाण वाटणार नाहीत, असा आमचा विश्वास आहे.