धुऱ्यावरची बाटली

मृग तोंडावर आला आहे. झरी, मुकुटबन, पाटणच्या कृषी केंद्रांसमोर सरकीच्या पाकिटांसाठी गर्दी व्हायचे हे दिवस. याच आठवड्यात, ५ जूनला, जागतिक पर्यावरण दिन येतो. त्या निमित्ताने झरी जामणी तालुक्यातल्या धुऱ्यावर पडून असलेल्या एका बाटलीविषयी बोलायला हवे.

इथल्या प्रत्येक कास्तकाराने ती पाहिली आहे. पांढरी, अर्ध्या लिटरची, झाकण कुठेतरी गेलेले. उन्हाने लेबल विटले, तरी त्यावरचा लाल किंवा पिवळा त्रिकोण अजून ओळखू येतो. तळाशी थोडे औषध सुकून चिकटले आहे. मागच्या हंगामात पऱ्हाटीवर फवारणी झाली, पंप भरला, आणि बाटली जिथे रिकामी झाली तिथेच राहिली. यंदा डवरणीत ती बैलाच्या खुराखाली येईल, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात नाल्याने पैनगंगेत उतरेल. नदीपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. या प्रवासाला कुणाची परवानगी लागत नाही.

हीच बाटली कचरा म्हणून जहाजावर चढली असती, तर परवानगी लागली असती. घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवरचा बासेल करार २२ मार्च १९८९ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात झाला आणि १९९२ पासून लागू आहे. भारतानेही त्याच वर्षी त्याला मान्यता दिली. श्रीमंत देशांनी आपला विषारी कचरा गरीब देशांच्या किनाऱ्यावर गुपचूप टाकायचा, या प्रकाराला त्या कराराने पायबंद घालू पाहिला. पाठवणाऱ्या देशाच्या सरकारने घेणाऱ्या देशाच्या सरकारला आधी कळवायचे आणि लेखी होकार आल्याशिवाय माल हलवायचा नाही, हा त्याचा गाभा आहे. बेकायदा माल गेलाच, तर तो परत नेण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. चीनने २०१८ च्या आरंभी आपले दार बंद केल्यावर जगभरचे प्लास्टिक मलेशिया, फिलिपाइन्ससारख्या देशांकडे वळले, आणि मे २०१९ मध्ये नॉर्वेच्या प्रस्तावावरून प्लास्टिकही या नियमात ठळकपणे आले. स्वच्छ, वेगळे केलेले आणि पुनर्वापरासाठी निघालेले प्लास्टिक मोकळे राहिले. मिसळलेल्या, मळलेल्या प्लास्टिकला पूर्वसंमती सक्तीची झाली. विषारी रसायनाने माखलेले तर घातकच ठरले. १ जानेवारी २०२१ पासून हे नियम अमलात आले.

ही तारीख यवतमाळकरांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात पडले. त्या वर्षी फवारल्या गेलेल्या कीटकनाशकांत डायफेन्थियुरॉन होते. स्वित्झर्लंडने स्वतःच्या शेतात बंद केलेल्या ज्या पाच कीटकनाशकांची निर्यात थांबवली, त्यांत हेही आले, आणि ती बंदीही १ जानेवारी २०२१ पासूनच लागू झाली. आपल्या जिल्ह्यातल्या विषबाधितांनी आणि मृतांच्या कुटुंबीयांनी या औषधाच्या उत्पादक कंपनीविरुद्ध जिथे दाद मागितली, ते शहरही बासेलच. विष आणि त्याचे रिकामे भांडे यांचे दोन वेगळे नियम एकाच सकाळी जागे झाले. झरीच्या धुऱ्यावर मात्र ती दोन्ही एकाच बाटलीत पडून आहेत.

देशाच्या वेशीवर आपण खबरदारी घेऊ शकतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. न्हावा शेवा बंदरात अडकलेल्या १३३ कंटेनरमध्ये वंगणाच्या नावाखाली घातक टाकाऊ तेल निघाले, तेव्हा ते आयातदारांच्या खर्चाने जाळून नष्ट करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला. मार्च २०१९ मध्ये केंद्राने प्लास्टिक कचऱ्याच्या आयातीवर बंदी घालताना विशेष आर्थिक क्षेत्रांची सवलतही काढून घेतली. तरी रद्दी कागदाच्या गठ्ठ्यांत दडून परदेशी प्लास्टिक मुझफ्फरनगरच्या कागद गिरण्यांपर्यंत पोहोचत राहिले. युरोपीय संघ २१ नोव्हेंबर २०२६ पासून भारतासारख्या देशांना प्लास्टिक कचरा पाठवणे थांबवणार आहे. चांगलेच आहे. पण आपल्या तालुक्यातले हे प्लास्टिक बंदरातून आलेले नाही. ते कृषी केंद्राच्या काउंटरवरून, पावतीसह आले आहे.

मग त्याचे काय करायचे, हे कायदा काय सांगतो? १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार रिकामी भांडी पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून फोडून वस्तीपासून दूर पुरायची. नियम केला त्या काळात तो शहाणपणाचा असेल. आज प्लास्टिक पुरणे म्हणजे ते पुढच्या नांगरटीसाठी ठेवून देणे. आणि फोडणार कोण, पुरणार कोण? बहुतेकदा रोजीने फवारणीला आलेला मजूर, आणि तो कितीदा तरी कोलाम पोडावरून आलेला असतो. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. बाटली त्याने विकत घेतलेली नसते, पिकाचा भाव त्याच्या हाती नसतो. सोबतच्या घडीपत्रकात बारीक अक्षरांत चार भाषा असतात, त्यांत कोलामी नसते. दोन देशांमध्ये कचऱ्यासाठी लेखी होकार लागतो. या माणसाला त्या बाटलीबद्दल आजवर कुणी काही विचारलेले नाही, आणि आम्हाला सर्वांत जास्त टोचते ते हे.

बासेलचे कलम झरीला जसेच्या तसे लागू होणार नाही. त्यातली परत नेण्याची जबाबदारी मात्र इथे आणता येते. प्लास्टिकचे वेष्टन बाजारात आणणाऱ्याने ते गोळा करण्याची जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व आपल्या २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत आहेच. कीटकनाशकाच्या बाटलीपुरते ते गावच्या दुकानापर्यंत खाली उतरवायला हवे. बाटलीमागे थोडी अनामत घ्यावी, बाटली पंपात तीनदा विसळून परत आणणाऱ्याला ती द्यावी, मग तो मालक असो की मजूर. भंगारवाल्याकडे बाटली जाता कामा नये, कारण तिथून ती पुन्हा घरात येते, कधी रॉकेलसाठी, कधी आणखी कशासाठी.

कापसावरची मोठी फवारणी सुरू व्हायला अजून काही आठवडे आहेत. तेवढ्यात तालुका कृषी अधिकाऱ्यांनी प्रत्येक कृषी केंद्राच्या दारात झाकणाचा, कुलूप लावलेला एक ड्रम ठेवायला लावावा. तो भरला की ज्या गाडीने औषधाचे खोके उतरवले, त्याच कंपनीच्या गाडीने तो उचलावा.