टाय बांधून काउंटरवर

फार्मसी कॉलेजात व्यक्तिमत्त्व विकासाची कार्यशाळा म्हणजे पाहुणा वक्ता, मुलांच्या गळ्यात टाय आणि 'टेल मी अबाउट युअरसेल्फ'. बी.फार्म.च्या पहिल्या सत्रात 'कम्युनिकेशन स्किल्स' हा तीस तासांचा विषयही आहे. संवादातले अडथळे, ऐकण्याची कला, मुलाखत, सादरीकरण, गटचर्चा. यादी वाईट नाही, पण ती एमबीएलाही चालेल, हॉटेल मॅनेजमेंटलाही.

आता मेथोट्रेक्सेट घ्या. संधिवातावर ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंडात व्रण होतात, अस्थिमज्जेत रक्तपेशी बनेनाशा होतात, जीवावर बेततं. समजा, चिठ्ठीवर 'रोज एक' लिहिलंय. नातेवाइकाला एसटी गाठायचीय, गल्ल्यावर मालक बसलाय, आणि काउंटरवर नुकतीच पास झालेली मुलगी आहे. मात्रा तिला पाठ आहे, फार्माकॉलॉजीत तिला गुणही चांगले होते. पण डॉक्टरांना फोन लावून, "सर, संधिवातासाठी दिलीय ना? मग आठवड्यातून एकदाच लिहायची होती का?" हे न अडखळता विचारायचं, डॉक्टर खेकसले तरी फोन ठेवायचा नाही, आणि खुलासा होईपर्यंत गोळी द्यायची नाही, हे तिला कोणी, कुठल्या तासाला शिकवलं?

माझ्या मते या विषयाचा गाभा एवढाच आहे. बाकी टाय यूट्यूबवर पाहूनही बांधता येतो.

डी.फार्म.ला पाचशे तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण आहे. त्यात हे सगळं शिकता येईल, पण कित्येकदा ते सहीशिक्क्यापुरतंच उरतं. त्यातच 'सर्टिफिकेट लावणं'! चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावं, असं १९४८ च्या फार्मसी कायद्याचं ४२वं कलम सांगतं. पण फार्मासिस्टचं सर्टिफिकेट दुकानाच्या भिंतीवर, माणूस भलत्याच नोकरीत, ही सोय सगळ्या जिल्ह्यांना ठाऊक आहे. ज्या मुलाने सीनियरला असं घरबसल्या सर्टिफिकेटचं भाडं घेताना पाहिलं, त्याला नीतिमूल्यांची पीपीटी काय सांगणार?

तेव्हा तोंडी परीक्षा काउंटरवर घ्या. प्राध्यापकांनी घाईतला नातेवाईक व्हावं, चिडका डॉक्टर व्हावं, चिठ्ठीत मुद्दाम चूक ठेवावी. चूक पकडण्याला थोडे गुण द्या, फोन करण्याला जास्त. परीक्षक म्हणून गावातल्या एखाद्या सचोटीच्या मेडिकलवाल्याला बोलवा, आणि त्यालाही पाहुण्या वक्त्याइतकंच मानधन द्या.