हसण्यावारी नेऊ नका

माणूस केळीच्या सालीवरून घसरला की आपण हसतो. पण हसता हसता त्याला उठवायला निदान एक हात तरी पुढे करतो. तेच एखाद्याच्या खात्यातून पैसे घसरले, की आपण पंढरीच्या पांडुरंगासारखे दोन्ही हात कमरेवर ठेवून हसतो. 'फोनवर फसलो' एवढे दोन शब्द कोणी उच्चारावेत, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एकदम तेज चढते. आपण हुशार आहोत असा त्याला साक्षात्कार होतो. आजवर याचा कसलाही पुरावा त्याच्यापाशी नसतो. तो पुरावा दुसऱ्याच्या खर्चाने असा घरबसल्या मिळाला, तर कोण सोडणार?

माझे या हसण्याशी भांडण आहे. मी एका बँकेत कारकून आहे. बँकेचे नाव सांगत नाही, कारण मला तिथे अजून पंधरा वर्षे काढायची आहेत. काउंटरच्या आतल्या बाजूने मी हे हसणे रोज पाहतो, आणि बी.कॉम.पर्यंत जेवढा हिशेब शिकलो तेवढ्यावर सांगतो, की या हसण्याची किंमत रोख रुपयांत मोजावी लागते.

आमच्या कॉलनीत बुधवारी दुपारी बायकांचे एक मंडळ भरते. त्याला अध्यक्ष नाही, घटना नाही, म्हणूनच ते गेली सात-आठ वर्षे सुरळीत चालू आहे. कोणी क्रोशाची तोरणे करते, कोणी रुखवताचे सामान, कोणी लोकरीची टोपडी, कोणी दिवाळीचे कंदील. पूर्वी असल्या वस्तू नातेवाइकांच्या गळ्यात मारल्या जात. आता फोनवर फोटो टाकला की मालेगावपासून न्यू जर्सीपर्यंत कुठूनही मागणी येते. नातेवाईक सुटले, आणि बायकांच्या हातात चार पैसे खेळू लागले.

पैसे खेळू लागले की खेळ बिघडवणारेही येतात. यातल्या तोरणवाल्या वहिनींना एके दिवशी फोन आला. बोलणारा म्हणाला, 'मी फौजेत आहे. देवळाली कॅम्पला बदली झाली आहे. घरात लग्न आहे, चाळीस तोरणे हवीत.' आता देवळालीला तोफखान्याचे शिक्षणकेंद्र आहे, लष्करी गाड्या पाहतच नाशिकची पोरे मोठी होतात. 'देवळाली' आणि 'फौज' या दोन शब्दांवर संशय घ्यायला नाशिककराला कोणत्याच शाळेत शिकवलेले नाही. वहिनींनी तोरणाचे २४० रुपये भीतभीत सांगितले, तर त्याने एका रुपयाचीही घासाघीस केली नाही. न मागता ओळखपत्राचा फोटो पाठवला. मग म्हणाला, 'मॅडम, आर्मी का पेमेंट अलग होता है. पहले आप पाँच रुपया भेजो, हम दस भेजेगा.' वहिनींनी पाच पाठवले, दहा आले. मग त्याने काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तो चौकोन पाठवला. 'इसको स्कॅन करो, पिन डालो, नौ हजार छह सौ जमा हो जायेगा.' वहिनींनी पिन टाकला. पैसे जमा झाले, त्याच्या खात्यात. 'एरर आया, फिर से करो,' तो म्हणाला. फिरसे केले. एकूण १९,२०० रुपये.

वहिनी घरात हे चौथ्या दिवशी बोलल्या. त्यानंतरची वाक्ये तुम्हाला पाठ असतील. 'पिन टाकलाच कशाला?' 'एवढी शिकलेली तू!' 'लोभ नडला.' पुण्याहून इंजिनीअर पुतण्याचा फोन आला, तो तर बोलण्याआधीच हसत होता.

आता या वाक्यांचा एकेक करून समाचार घेऊ.

पहिला आरोप लोभाचा. चाळीस तोरणांना वहिनींच्या बोटांची तीन आठवड्यांची मेहनत लागते. त्या मेहनतीचे ठरलेले पैसे घेणे हा लोभ असेल, तर महिन्याच्या अखेरीस पगार घेणारा मी महालोभी म्हटला पाहिजे.

दुसरा आरोप, 'सूचना वाचत नाहीत.' सूचना आमच्या शाखेत भिंतीवर आहे. पंख्याच्या वाऱ्याने तिचे एक टोक गेली तीन वर्षे फडफडते आहे. तिच्यावर लिहिले आहे, 'ग्राहकांनी आपली गोपनीय माहिती कोणासही उघड करू नये.' वहिनींनी ती कोणाला उघड केली? पिन त्यांनी स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या बोटाने, शेजारी कोणी नसताना टाकला. सूचना त्यांनी अक्षरशः पाळली आणि पाळता पाळता फसल्या! लिहायला हवे होते ते असे : पिन म्हणजे सही. पैसे काढायच्या स्लिपवर तुमची सही लागते. तुमच्या खात्यात कोणी पैसे भरायला आला, तर आम्ही तुमची सही मागतो का? मग फोनवर पैसे यायला पिन कशाला लागेल? पिन मागितला, की पैसे जाताहेत. इतक्या साध्या चार ओळी भिंतीवर यायला हरकत नव्हती. पण साध्या ओळी लिहिल्या तर त्या लोकांना समजतील, अशी भीती कुठल्याशा वरच्या कचेरीला वाटत असावी.

तिसरे, 'जमाना पुढे गेला, या मागे राहिल्या.' जमान्याचेच उदाहरण घेऊ. यूपीआय २०१६ साली सुरू झाली. तिच्यात एक सोय होती : समोरच्याने आपल्याकडे पैशांची मागणी पाठवायची, आपण ती मान्य करून पिन टाकला की पैसे त्याच्याकडे जायचे. 'पैसे येताहेत' असे भासवून भामट्यांनी या सोयीची चांदी केली. अखेर ही व्यवस्था चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्याला अशी मागणी पाठवणे बंदच करून टाकले. म्हणजे दार सदोष आहे हे दार बसवणाऱ्यांच्या लक्षात येऊन ते बुजवायला २०२५ उजाडले. तोपर्यंत त्या दारातून चोर शिरला की घरमालकिणीला मूर्ख म्हणायचे, असा रिवाज होता. चौकोनाचे दार तर आजही उघडेच आहे, कारण त्यावाचून भाजीवाल्याचेही अडते.

चौथे म्हणजे 'शिकलेसवरलेले फसत नाहीत.' हे वाक्य निदान नाशिकमध्ये तरी उच्चारू नये. मुद्रांक आणि नोटा छापणारे नाशिकरोडचे सरकारी छापखाने, बाहेर पहारा, आत पहारा. त्याच मुद्रणालयातून लिलावात निघालेली यंत्रे अब्दुल करीम तेलगीने मिळवली आणि खोटे मुद्रांक छापून देशभर विकले. ते बँकांनी घेतले, विमा कंपन्यांनी घेतले. २००१ साली तो पकडला गेला तोवर सगळे शिक्के बिनबोभाट उमटत होते. त्याआधी १९९२ साली हर्षद मेहता प्रकरणात, ज्यांच्यामागे रोखेच नव्हते अशा बँक रिसीटा खऱ्या मानून बँकांनी कोट्यवधी रुपये दिले. त्या बँकांत एम.कॉम. होते, सी.ए. होते, वातानुकूलित खोल्या होत्या. तेव्हा कोणी कमरेवर हात ठेवून 'एवढ्या शिकलेल्या तुम्ही, रिसीट घेतलीच कशाला?' असे बँकांना विचारले नाही. मोठा फसला की चौकशी समिती बसते, वहिनी फसल्या की पुतण्या हसतो.

आणि हा रिवाज जुना आहे. आमच्या शाखेपासून पंचवटी रिक्षाने दहा मिनिटांवर. संन्याशाचा वेष, भिक्षेची विनंती, घरात एकटी बाई, आणि घरातली मोठी माणसे सोन्याच्या हरणामागे लांब धाडलेली. आजच्या भामट्यांनी यात फक्त मोबाइलची भर घातली आहे. सीतामाईने लोभ धरून नव्हे, तर दारी आलेल्या अतिथीला विन्मुख पाठवू नये म्हणून पाऊल पुढे टाकले. वहिनींचेही तेच झाले, फौजी माणसाला 'तुमचा भरवसा नाही' असे तोंडावर कसे म्हणावे? पण सीतागुंफेच्या रांगेत उभी राहिलेली माणसे चर्चा करतात ती 'रेषा का ओलांडली' याची. 'वेष का बदललास' असे रावणाला कोणीच विचारत नाही. आजची वर्तमानपत्रेही 'महिलेला गंडा' असे छापून तिचे वय, शिक्षण आणि कॉलनी देतात, आणि भामटा मात्र 'अज्ञात' म्हणून सुखाने राहतो.

आता हसण्याच्या हिशेबाकडे येतो. अशा फसवणुकीसाठी केंद्र सरकारने २०२१ पासून हेल्पलाइन चालवली आहे, तिचा क्रमांक हल्ली १९३०. तिथे तक्रार गेली की ज्या बँकेत पैसे पोचले असतील तिला कळवले जाते, आणि खात्यात शिल्लक असेल तेवढी रक्कम अडवता येते. पण चोर पैसे मुरांबा घालायला ठेवत नाही. तो ते एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि तिसऱ्यातून एटीएमच्या तोंडातून बाहेर काढतो, तेही तासा-दोन तासांत. रिझर्व्ह बँकेनेही २०१७ च्या परिपत्रकात तत्त्व घालून दिले, की ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले असले तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे नुकसान. म्हणजे सगळा खेळ 'लगेच सांगण्याचा' आहे. आणि लगेच कोण सांगेल? ज्याला हसले जाणार नाही, तो. वहिनींनी चार दिवस गिळले ते चोराला घाबरून नाही, पुतण्याला घाबरून. चोराला असा बिनपगारी मदतनीस घराघरात मिळत असेल, तर त्याने पिस्तूल कशाला बाळगावे?

'पण हसलं नाही तर लोक शिकणार कसे?' असे आमचे हेडकॅशियर विचारतात. त्यांनी एखाद्या बुधवारी त्या मंडळात येऊन बसावे. तिथे एकीच्या स्वेटरची एक बाही लांब होते, दुसरीची लाल लोकर पांढरीवर रंग सोडते, तिसरीचे बोट गरम गोंदाने भाजते. प्रत्येक जण आपला बिघडलेला नग पिशवीतून बाहेर काढून सगळ्यांच्या पुढे ठेवते. 'कुणी सांगितलं होतं विणायला?' असे तिथे कोणी म्हणत नाही. चार जणी टाके मोजतात, कुठे सुटला ते शोधतात, तेवढेच उसवतात. वहिनींनी आपले १९,२०० रुपये घरातल्यांच्याही आधी तिथेच काढून ठेवले होते. त्यांना १९३० हा आकडा तिथेच मिळाला, भिंतीवरच्या सूचनेतून नाही.

आणि शिकायचेच म्हणाल, तर त्या दुपारी चहाबरोबर जे शहाणपण निघाले ते कोणत्याही परिपत्रकात नाही. पैसे भरल्याचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत, आपले खाते उघडून बघा. तोरणांच्या धंद्यासाठी वेगळे खाते ठेवा आणि त्यात हजार-दोन हजारच राहू द्या. कुरिअरवाल्याच्या नावाने 'पाच रुपये भरा' असा निरोप आला, तर पार्सल गेले खड्ड्यात म्हणा. गिऱ्हाईक आपणहून ओळखपत्र दाखवू लागले की सावध व्हा, तोरण घेणारी बाई कधी रेशनकार्ड दाखवते का? आणि सगळ्यांत मोलाचे म्हणजे, नाशिकमध्ये जो माणूस भाव करत नाही, तो गिऱ्हाईक नव्हे. कंदीलवाल्या काकूंनी तर एका वाक्यात सारे गुंडाळले. त्या म्हणाल्या, 'येवल्याची पैठणी घेताना आपण पदर उलटा करून बघतो. हातमागाची असली तर मागची बाजूही सुबक असते, नाहीतर धागे लोंबतात. तसं फोनवर कुणी फार गोड बोललं, की आधी उलटी बाजू बघायची.'

यात कोणी कोणाला हसले नाही. म्हणजे हसू नव्हतेच असे नाही. भाव न करणाऱ्या गिऱ्हाइकावर सगळ्या पोट धरून हसल्या, आणि वहिनीही त्यात होत्या. चोराला हसणे आणि चोरी झालेल्याला हसणे यातला फरक त्या मंडळाला कळतो, आमच्या शाखेला कळत नाही.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरातही उद्या कोणी तरी खाली मान घालून 'अहो, एक सांगायचं होतं' असे म्हणेल. ती तुमची बायको असेल, वडील असतील, किंवा तो इंजिनीअर पुतण्याही असेल, कारण त्याच्यासाठीही कुठे ना कुठे एक सोन्याचे हरीण चरत असेलच. त्या वेळी आधी १९३० लावा. मग बँकेला कळवा. तक्रारीचा क्रमांक कागदावर उतरवून घ्या. ते सगळे झाले, की मग वाटल्यास खुशाल हसा. तोवर हसू आवरलेले असेल, आणि कदाचित चार पैसेही.