आकाशयुद्धाचे सारथी

२७ फेब्रुवारी २०१९ म्हटले की विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांची मुद्रा डोळ्यांसमोर उभी राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. बालाकोटच्या कारवाईनंतर दुसऱ्याच दिवशी चालून आलेल्या पाकिस्तानी विमानांना परतवताना त्यांचे मिग-२१ पडले, ते शत्रूच्या हाती सापडले आणि १ मार्चला ताठ मानेने मायदेशी परतले. त्याच सकाळी एका नियंत्रण कक्षात, कानाला हेडफोन लावून रडारच्या पडद्यासमोर बसलेल्या स्क्वाड्रन लीडर मिंटी अग्रवाल मात्र किती घरांत आठवल्या जातात? चालून येणारी विमाने हेरून आपल्या वैमानिकांना दिशा देणाऱ्या नियंत्रकांपैकी त्या एक. युद्ध सेवा पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

लढाऊ विमान मिनिटाला सहज १५ किलोमीटर अंतर कापते. वैमानिकाचे स्वतःचे रडार मुख्यतः समोरचे आकाश पाहते. पाठीमागून कोण येत आहे, सीमारेषा किती जवळ आली, केव्हा वळायचे, हे सांगणारा आवाज जमिनीवरून किंवा ‘नेत्र’सारख्या टेहळणी विमानातून येतो. वायुदलात जमिनीवरील अशा रडार पथकांना ‘सिग्नल युनिट’ म्हणतात. नाव ऐकून एखाद्याला तार कचेरी आठवावी! पण शत्रूला त्यांची किंमत नेमकी ठाऊक असते. १९६५ च्या युद्धात अमृतसरच्या रडार केंद्रावर पाकिस्तानी वायुदलाने पुनःपुन्हा हल्ले चढवले, ते उगीच नव्हे.

ही सारी यंत्रणा शेवटी एका आवाजावर तोललेली असते. माघारी वळण्याची सूचना अभिनंदन यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही, कारण शत्रूने संदेशवहनात अडथळा आणला होता, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते.

त्याच दिवसाची दुसरी बाजू अधिक वेदनादायक आहे. श्रीनगरहून निघालेले मि-१७ हेलिकॉप्टर बडगामजवळ कोसळले. त्यात सहा वायुसैनिक आणि जमिनीवरील एक नागरिक मृत्युमुखी पडले. नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे त्या सहांपैकी एक. हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले होते. आपले कोण आणि परके कोण, हे ओळखण्याची साखळी त्या काही क्षणांत तुटली. वायुदलप्रमुख भदौरिया यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये ही मोठी चूक असल्याचे उघडपणे मान्य केले. असा प्रांजळपणा आपल्या सार्वजनिक जीवनात दुर्मीळच, म्हणून त्याचा आदर केला पाहिजे; तथापि ते सत्य देशासमोर यायला सात महिने लागले, हेही नोंदवले पाहिजे. सेनेवर प्रेम करणाऱ्यांनी असे प्रश्न विचारू नयेत, असे काहींना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. नाशिकच्या त्या घराचा या उत्तरावर पहिला हक्क होता.

मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात पाकिस्तानने ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचा मारा केला, तेव्हा वायुदलाची एकात्मिक हवाई नियंत्रण यंत्रणा आणि भूदलाची ‘आकाशतीर’ या परस्परांशी जोडलेल्या होत्या. अनेक रडारांचे चित्र एकाच पडद्यावर दिसू लागले. हे मोठेच पाऊल होय. पण पडद्यावरचा ठिपका शत्रूचा की आपला, हा निर्णय अखेर तिथे बसलेल्या अधिकाऱ्यालाच करावा लागतो, आणि तोही काही सेकंदांत. त्याचे प्रशिक्षण, त्याची विश्रांती, त्याच्या हाताखाली पुरेशी माणसे असणे, यांवरील खर्च नव्या विमानांच्या खरेदीइतकाच निकडीचा मानला गेला पाहिजे.

आपल्या घरांतील मुलांना खडकवासल्याची प्रबोधिनी ठाऊक असते, वैमानिक होण्याचे स्वप्नही असते. चष्मा लागला की ते स्वप्न बासनात बांधले जाते. कोणत्याही विद्याशाखेची पदवी चांगल्या गुणांनी घेतलेला तरुण वा तरुणी वायुदलाच्या प्रशासन शाखेतून हवाई नियंत्रक होऊ शकते, ही माहिती किती महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर लागते?