उकिडवे बसताना तोल का जातो?

मागील अंकात आपण चालण्याच्या व्यायामाविषयी वाचले. त्यानंतर आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली. चालण्याबरोबर बैठका, म्हणजे ज्यांना आजकाल सगळे स्क्वॉट म्हणतात, त्या सुरू केल्या. पण अर्धे खाली गेले की मागे पडायला होते, टाचा जमिनीवरून सुटतात, नाहीतर दुसऱ्या दिवशी कंबर भरून येते. लिहिणाऱ्यांत भगिनी जास्त आहेत, दोन तरुण मुलेही आहेत. एका भगिनीने लिहिले आहे, ‘कॉलेजात जाणारी मुलगी मोबाइलवर बघून सहज वीस बैठका काढते, मला पाचही जमत नाहीत. मांड्यांत जोरच राहिलेला नाही, म्हणून सोडून दिले.’

सोडू नका. जी बाई दिवसातून चार वेळा जिना चढते आणि पाण्याची कळशी उचलते, तिच्या मांड्यांत एका बैठकीपुरता जोर नक्की असतो. मागे पडण्याचे कारण बहुतेक वेळा तीन ठिकाणी सापडते: आखडलेला घोटा, सैल सोडलेले धड आणि सवय गेलेला तोल. तिन्ही गोष्टी घरच्या घरी, एका खुर्चीच्या आणि भिंतीच्या मदतीने सुधारतात.

हा प्रश्न केवळ व्यायामाचा आहे असेही समजू नका. आपल्या घरांत जमिनीशी नाते अजून टिकून आहे. दस्तरखानवर बसणे, मोरीत उकिडवे बसून कपडे धुणे, नमाजमध्ये सजद्यातून उभे राहणे, या सगळ्यात खाली जाणे आणि वर येणे आहे. मशिदीत खुर्च्यांची रांग वाढताना आपण पाहतोच. ज्यांना गरज आहे त्यांनी खुर्ची जरूर वापरावी, त्यात संकोच नको. पण पन्नाशीच्या आत केवळ उठता येत नाही म्हणून खुर्चीवर जाण्याची वेळ येत असेल, तर शरीराकडे लक्ष द्यायला हवे. ब्राझीलमधील डॉ. क्लॉडियो गिल अराउजो यांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५१ ते ८० वर्षे वयाच्या २००२ स्त्री-पुरुषांना जमिनीवर बसून पुन्हा उठायला सांगितले होते. बसण्याचे ५ गुण, उठण्याचे ५ गुण. हात, गुडघा टेकला की प्रत्येक वेळी एक गुण वजा, तोल डळमळला की अर्धा वजा. पुढे सुमारे सहा वर्षे या लोकांची माहिती ठेवली, तेव्हा कमी गुण मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. उठता न येणे हे मृत्यूचे कारण नव्हे. पण ताकद, लवचीकपणा आणि तोल एकत्र किती शिल्लक आहे हे त्यातून चटकन कळते.

आता तोल जातो कसा ते पाहू. उभे असताना शरीराचे वजन पावलांच्या मध्यावर पडते. खाली बसताना नितंब मागे जातात, म्हणून त्याच वेळी गुडघे पुढे यावे लागतात, तरच वजन पावलांच्या मध्यावर राहते. गुडघे पुढे येण्यासाठी घोटा वाकावा लागतो. घोटा वाकला नाही तर शरीरापुढे तीनच मार्ग उरतात: टाचा उचलणे, छाती पार पुढे झुकवणे, किंवा मागे पडणे. पत्रांतल्या तिन्ही तक्रारी याच आहेत.

घोटा आपला आपण तपासता येतो. भिंतीसमोर एक पाऊल असे ठेवा, की अंगठा भिंतीपासून सुमारे १० सेंटिमीटरवर येईल. टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून पाहा. लागला तर घोटा ठीक आहे. लागत नसेल तर पाऊल थोडे थोडे भिंतीजवळ न्या आणि कुठे लागतो ते पाहा. दोन्ही पायांत फरक असेल तर तोही लक्षात ठेवा. जुना मुरगळलेला पाय इथे ओळखू येतो. हीच चाचणी व्यायाम म्हणूनही करायची. गुडघा भिंतीकडे न्या, दोन क्षण थांबा, मागे आणा. प्रत्येक पायाने १० वेळा, दिवसातून दोनदा. गुडघा वाकवून ताणल्यामुळे पोटरीचा खोल स्नायू मोकळा होतो. गुडघा सरळ ठेवून भिंत ढकलण्याचा जो व्यायाम सगळ्यांना माहीत आहे, त्याने वरचा स्नायू ताणला जातो, खोलचा तितका नाही. याला काही आठवडे लागतात. तोपर्यंत टाचांखाली दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची, न सरकणारी फळी ठेवून बैठक करा. बऱ्याच जणांना त्याच दिवशी फरक जाणवतो, आणि दोष मांड्यांचा नव्हता हे पटते.

इथे एका प्रचलित सल्ल्याबद्दल बोलायला हवे. ‘गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नका’ असे बहुतेकांनी ऐकलेले असते. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, वजन घेऊन बैठका काढणाऱ्या पुरुषांच्या गुडघ्यांपुढे फळी उभी करून गुडघे अडवण्यात आले. गुडघ्यावरचा भार थोडा कमी झाला, पण नितंबाच्या सांध्यावरचा भार कितीतरी पटींनी वाढला आणि धड जास्त पुढे झुकले. नवशिक्याने हा नियम पाळायचा म्हटले तर तो मागेच पडणार. गुडघा दुखत नसेल तर तो बोटांच्या थोडा पुढे गेलेला चालतो. लक्ष ठेवायचे ते दोन गोष्टींवर: टाच टेकलेली असावी आणि गुडघा आत, एकमेकांकडे, वळू नये. तालमीतल्या बैठकांशीही गल्लत करू नका. पैलवान खाली जाताना टाचा उचलून चवड्यांवर तोल सांभाळतात, वेगाने शेकडो काढतात. ती वर्षांची मेहनत आहे, सुरुवात तिथून करायची नसते.

घोट्यानंतर धड. मोबाइलवर ‘कोर’ शब्द सारखा कानावर पडतो, आणि कोर म्हणजे पोटाच्या वड्या असा समज होतो. खरे तर ती एक बंद पेटी आहे. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ सांभाळणारे स्नायू, पुढून आणि बाजूंनी पट्ट्यासारखा गुंडाळलेला पोटाचा खोल स्नायू, मागे मणक्यांना चिकटलेले छोटे स्नायू. या चारही बाजू एकदम घट्ट झाल्या की मधला कणा स्थिर राहतो आणि पायांना जोर लावायला आधार मिळतो. ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये दाखवले, की निरोगी माणूस हात उचलण्याआधीच पोटाचा तो खोल स्नायू काम सुरू करतो. कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा जागा होतो. बाळंतपणानंतर बऱ्याच भगिनींचे ओटीपोट सैल राहते, आणि घरचे काम मात्र चाळीस दिवसांनी पूर्ववत सुरू होते. त्यांना बैठक मारताना कंबर भरून येण्यामागे पुष्कळदा हेच असते.

पोट आत ओढून धरणे म्हणजे धड आवळणे नव्हे. जोराने खोकताना पोट, बरगड्यांची बाजू आणि कंबर चहूबाजूंनी जसे कडक होते, तसे हलकेच करायचे. बोटे कंबरेच्या दोन्ही बाजूंना ठेवा, नाकाने श्वास घ्या, बोटे बाहेर ढकलली गेली पाहिजेत. मग तेवढाच ताण ठेवून खाली जा आणि वर येताना श्वास सोडा. रक्तदाब असलेल्यांनी श्वास कोंडून धरू नये.

ही पेटी मजबूत करायला सतरंजीवरचे दोन व्यायाम पुरेसे आहेत. पहिला: उताणे झोपून गुडघे वाकवा, पावले जमिनीवर ठेवा. कंबर जमिनीपासून न हलवता एक टाच हळूहळू सरकवत पाय लांब करा, परत आणा, मग दुसरा. सोपा वाटला की सोबत विरुद्ध बाजूचा हात डोक्यामागे न्या. दुसरा: हात आणि गुडघे टेकून ओणवे व्हा. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा, १० सेकंद थांबा, मग बाजू बदला. पाठीवर पाण्याने भरलेला पेला ठेवला आहे अशी कल्पना करा. तो सांडता कामा नये. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल कंबरेच्या रुग्णांना जे तीन व्यायाम सुचवतात, त्यांतला हा एक आहे. पाच-पाच वेळा केले तरी चालेल, पण थरथर सुरू झाली की थांबायचे. घाईने काढलेल्या तीस उठाबशा इथे उपयोगाच्या नाहीत.

तोलाचे काम डोळे, आतला कान आणि पायांच्या तळव्यांतून, सांध्यांतून जाणारी जाणीव मिळून करतात. यासाठी वेगळा वेळ काढू नका. चहा उकळेपर्यंत ओट्याला एक बोट टेकवून एका पायावर उभ्या राहा. बोट न टेकता १० सेकंद जमले की वेळ वाढवा. डोळे मिटून करायचे असेल तर घरातल्या कुणाला जवळ उभे करा. घरात चपला वापरण्याची सवय असेल तर हा व्यायाम अनवाणी करा, तळव्याला जमीन कळली पाहिजे. मधुमेहामुळे किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे पाय बधिर झाले असतील तर तोल आधीच कमी झालेला असतो. त्यांनी ओट्याचा आधार सोडू नये आणि डॉक्टरांना पाय दाखवावेत.

आता बैठक. भिंतीला टेकवलेली, न हलणारी खुर्ची घ्या, तिच्यावर एक-दोन उशा ठेवा. खांद्याएवढ्या अंतरावर पाय, बोटे किंचित बाहेर. दोन्ही हातांनी छातीसमोर एक किलो साखरेची पुडी धरा. वजन घेतल्यावर कठीण होईल असे वाटते, पण नवशिक्याला उलट सोपे जाते, कारण नितंब मागे जात असताना पुढचे वजन तोल सावरते. तीन मोजत खाली जा, उशीला टेकताच अंग सैल न सोडता वर या. आठ वेळा, थोडे थांबून पुन्हा आठ, आठवड्यातून तीन दिवस. दोन आठवडे हे सहज होऊ लागले की एक उशी काढा. मग दुसरी. खुर्ची जमली की तिच्या जागी पाट आणि उशा रचा. कुठल्या पायरीला टाच उचलली जाते किंवा कंबर गोल होते ते घरातल्या कुणाला तरी बाजूने पाहायला सांगा, आणि त्या पायरीच्या वर आणखी काही दिवस थांबा. सासूबाई किंवा अम्मी सोबत करत असतील तर त्यांनी हाताच्या खुर्चीवर, हात टेकवून सुरुवात करावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सुचवले आहेत, तेव्हा ‘आता या वयात काय’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

मांड्या भरून येणे चालेल. गुडघ्यात टोचल्यासारखे दुखणे, सूज, गुडघा अडकणे, कंबरेतून पायात उतरणारी कळ किंवा मुंग्या, उठताना चक्कर, यांपैकी काही झाले तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. गर्भवती भगिनींनी, सिझेरियन होऊन थोडेच दिवस झालेल्यांनी, अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्यांनी आणि हाडे ठिसूळ असल्याचे सांगितले गेलेल्यांनी हे सुरू करण्याआधीच विचारून घ्यावे. ज्यांच्या पायाची टाच फळी लावूनही टेकत नाही, त्यांनी भिंतीपासूनचे आपले अंतर मोजून आम्हाला कळवावे. कोणता पाय, किती सेंटिमीटर, आणि पूर्वी तो मुरगळला किंवा मोडला होता का, एवढे लिहिले तरी पुरे.