चप्पल मिलानला जाते, डिझायनर जालन्यातच का राहतो?

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारखी चप्पल आणली. तिचं मूळ कुठलं, हे आधी सांगितलंच नाही. महाराष्ट्रातून ओरड झाली, तेव्हा कुठे भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. आपल्याकडे सगळ्यांनी 'मराठी अस्मिता' म्हणून गळा काढला. पण चामडं कमावणाऱ्या ढोर समाजाचं आणि चप्पल घडवणाऱ्या चर्मकारांचं नाव किती जणांनी घेतलं? विटाळ एका जातीने सोसायचा आणि अस्मिता मात्र सगळ्यांची, हा हिशोब आपल्याला नवा नाही.

आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आमच्या माणसांचं डिझाइन व्हिसाशिवाय मिलानला पोचतं. मग डिझाइन शिकलेली आमची पोरं परदेशात कामाला का जाऊ शकत नाहीत?

जालना जिल्ह्यात काम करताना आम्हाला मंठा, परतूर, घनसावंगीकडचे असे तरुण भेटतात. शासकीय कला महाविद्यालयातून उपयोजित कलेची पदवी घेतलेली असते. आज ते फ्लेक्सच्या दुकानात बसून वाढदिवसाचे बॅनर आणि लग्नपत्रिका करतात. एप्रिलमध्ये जयंतीचे फलक रात्रभर जागून करतात. परदेशातल्या नोकरीचा विषय काढला की म्हणतात, "ते आपलं काम नाही." हे वाक्य त्यांना कोणी शिकवलं?

सरकारनेच शिकवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यातली कामं बघा : परिचारिका, ड्रायव्हर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, रंगारी, सामान उचलणारे. ही कामं हलकी आहेत असं आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्याला जायचं त्याने ताठ मानेने जावं. पण त्या यादीत डिझायनर नाही.

आणि करार कोणत्या राज्याशी आहे? याच बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये मर्सिडीज आणि पोर्शे यांचं स्टुटगार्ट आहे. याच राज्यात उल्म शहर आहे, जिथे १९५३ ते १९६८ या काळात जगाला आधुनिक डिझाइन शिकवणारी संस्था चालली. जे.जे.त शिकलेले सुधाकर नाडकर्णी साठच्या दशकात तिथेच शिकायला गेले आणि परत येऊन त्यांनी आयआयटी मुंबईत डिझाइनचं शिक्षण उभं केलं. त्या भूमीवर तेव्हा आपण डोकं पाठवलं होतं, आज फक्त हात पाठवायचे ठरवले आहेत. जात ही श्रमाची नाही, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिलं. ती विभागणी आता पासपोर्टवर शिक्का मारून निर्यात होते आहे.

कोणी म्हणेल, शिष्यवृत्ती आहे ना! आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ही लढून टिकवलेली योजना आहे. पण तिची पात्रता विद्यापीठाच्या सर्वसाधारण जागतिक क्रमवारीवर ठरते. लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ आर्ट कला व डिझाइन विषयात वर्षानुवर्षं जगात पहिलं येतं. एकाच क्षेत्रातली संस्था असल्याने सर्वसाधारण क्रमवारीत मात्र ते नसतंच. म्हणजे आमच्या मुलीने जगातल्या पहिल्या संस्थेत प्रवेश मिळवला, तरी नियमाच्या लेखी ती अपात्र. हा नियम करणाऱ्यांच्या डोक्यात आमचा डिझायनर होताच कुठे?

शिकायला न जाता थेट काम शोधायचं तर जर्मनीने १ जून २०२४ पासून 'संधी कार्ड' सुरू केलं आहे. पदवी, भाषा, वय, अनुभव यांचे गुण मोजतात आणि काम शोधायला एक वर्ष देतात. पण त्यासाठी साधारण तेरा हजार युरो खात्यावर दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाखांहून अधिक रुपये. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात ते कुठून येणार? ज्यांच्याकडे शेतजमीन, सोनं आणि अमेरिकेतला मामा आहे, त्यांच्या या खर्चाला 'गुणवत्ता' म्हणतात.

आपल्या चळवळीलाही दोन शब्द. एमपीएससी सोडून चित्रं काढतो म्हणून पोराला टोमणे मारणं बंद करा. परदेशी जाणं म्हणजे समाज सोडणं, असंही म्हणू नका. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, ते समाज सोडून गेले नव्हते.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. डिझाइनसाठी शिष्यवृत्तीत विषयवार क्रमवारी धरा. परदेशी मनुष्यबळाच्या करारांत डिझाइनची कामं घाला. संधी कार्डासाठी दाखवायची रक्कम महात्मा फुले महामंडळाने बिनव्याजी द्यावी. बार्टीने जिल्ह्याच्या ठिकाणी जर्मन भाषेचे आणि पोर्टफोलिओचे वर्ग घ्यावेत.

आणि मित्रांनो, मागणी मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. परदेशातला मालक पदवीच्या आधी पोर्टफोलिओ बघतो. त्यात नेटवरून उचललेले कॉफीच्या दुकानाचे लोगो घालू नका. जालना हे बियाण्यांचं गाव आहे. वाचता न येणाऱ्या शेतकरी बाईला औषधाची मात्रा कळेल असं बियाण्याचं पाकीट करा. हजारोंच्या जयंती मिरवणुकीत पाणी, दवाखाना, हरवलेली मुलं यांच्या खुणा कशा असाव्यात, ते करून दाखवा. प्रश्न काय होता, लोकांना विचारून काय बदललं, हे चार ओळींत लिहा. असं काम महागड्या कॉलेजातल्या मुलाकडे नसतं. ते तुमच्याकडे आहे, कारण तुम्ही ते जगला आहात.

परदेशात स्थिरावलेल्या आपल्या बंधू-भगिनींनी महिन्यातून एका तरुणाचा पोर्टफोलिओ तपासून दिला, तर तेही समाजाचं ऋण फेडणंच आहे.

चप्पल गेली, पण तिच्यावर नाव नव्हतं. आता आपण आपल्या नावानिशी जाऊ.

जय भीम!